तेरा मणी

गेतानची आई कधी चारचौघांत टेबलाशी बसून जेवली नाही. तिची आजीही नाही. सगळ्यांना वाढून झालं की त्या स्वयंपाकघरात जायच्या, चुलीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीवर बसायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि सावकाश, फार सावकाश जेवायच्या. बाहेर बशा धुऊन पुसून फळीवर लागायच्या, तरी आत चमचा वाजत असायचा. गावाला याचं मोठं कौतुक. एकदा पाद्रीबाबांनी प्रवचनात आजीचं उदाहरण देऊन सांगितलं, आल्फोंसीनबाईंकडे बघा, लेकरांचं पोट भरल्याशिवाय त्या घास घेत नाहीत. लहानग्या गेतानला तेव्हा अभिमानाने रडू आलं होतं.

खरं कारण तिला कळलं ते पुढे, आईच्या पापण्या उतरायला लागल्या तेव्हा. पन्नाशी ओलांडली की त्या घराण्यात कुणाकुणाच्या पापण्या जड होत, अर्ध्या मिटत. मग समोरचं दिसावं म्हणून माणूस हनुवटी वर करून बघू लागे. पाठोपाठ घसा. आधी मांस उतरेना, मग पाव उतरेना, शेवटी पाणीसुद्धा वाट चुकून छातीत जाई. जुने फोटो काढले तर सगळे मामा आणि मावश्या नाक वर करून उभे, जणू सगळं गाव त्यांच्या मालकीचं! लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. लग्नाच्या वेळी मात्र त्याच लोकांच्या आया कानात सांगत, झोपाळू डोळ्यांच्या घरात मुलगी देऊ नका, तिथली करूही नका.

गेतानने आईला पाच-सहा वर्षं भरवलं. वाटाण्याचं सूप जाड चाळणीतून गाळायचं, मटण दोनदा दळायचं, घास लहान, घास गिळल्यावर पुन्हा एकदा नुसतंच गिळायचं, आणि मधे बोलायचं नाही. घास अडकला की आई दोन बोटं गळ्याच्या खळगीवर ठेवून थांबायची, डोळे मिटून, कुणाची तरी हाक ऐकू येते का हे बघत असल्यासारखी. त्या दोन बोटांची गेतानला अजून स्वप्नं पडत.

आता ती सहासष्ट वर्षांची होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून तीही सगळ्यांचं आटोपल्यावर स्वयंपाकघरात जेवत होती. हे कुणाला माहीत नव्हतं. पापण्या अजून फारशा उतरल्या नव्हत्या. कपाळावर केस पुढे घेतले की झाकून जायचं. कुणी विचारलंच तर ती म्हणे, "आईची सवय लागली आहे मला. सुटत नाही."

तिला एकच गोष्ट हवी होती. घसा पुरता बंद व्हायच्या आत थोरली बहीण फ्लरेत एकदा या घरात यावी, आपल्या हातचं जेवावी, आणि मधली अकरा वर्षं पुसली जावीत.

अकरा वर्षांपूर्वी आईला मातीत ठेवून सगळे घरी आले होते. गेतानने रात्र जागून स्वयंपाक केला होता. फ्लरेत शहरातून, वरच्या पेठेतून आली होती. नोटरीची बायको ती, गळ्याभोवती रेशमी रुमाल, डोळे टक्क उघडे, हनुवटी वर. त्रेसष्ट वर्षांची बाई आणि पापणी एका रेघेनेही खाली आलेली नाही. त्या घरात माणसाकडे बघायचं म्हणजे आधी पापण्यांकडे बघायचं. ज्याचे डोळे उघडे तो वाचला. त्याच्याबद्दल आनंदही व्हायचा आणि कुठेतरी सलायचंही. वाचलेली ती फ्लरेत ताटाला हात न लावता काचेच्या पेल्याशी खेळत बसली होती. गेतानने दोनदा वाढलं, दोनदा तिने ताट सरकवलं.

"शहरात राहून जीभ फार उंची झाली वाटतं," गेतान सगळ्यांसमोर म्हणाली होती. "आणि मान जरा खाली घे, बाई. आम्ही इथे खाली बसलोय."

फ्लरेत उठली, कोट घातला आणि गेली. त्यानंतर फक्त सणाला छापील कार्डं. खाली सही.

त्या डिसेंबरात मात्र तिचा फोन आला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आवाज नाकात अडकल्यासारखा, बारीक.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी येऊ का?"

"विचारतेस काय? घर तुझं आहे."

"आशीर्वाद द्यायचा तर मलाच द्यायला हवा ना आता. सगळ्यांत मोठी मीच उरले."

फोन ठेवून गेतान तळघरात गेली आणि तिने फ्रीजरमधून डुकराचं मांस काढून ठेवलं.

त्या घरात वर्षाचा पहिला दिवस म्हणजे आशीर्वादाचा दिवस. सकाळी सगळ्यांनी गुडघे टेकायचे आणि घरातल्या सर्वांत मोठ्याने हात वर करून आशीर्वाद द्यायचा. मग जेवण. पहिला घासही त्याच मोठ्या माणसाने घ्यायचा. तोपर्यंत लहान पोरसुद्धा चमचा उचलत नसे. आईने शेवटच्या वर्षांत पहिला घास म्हणून पावाचा चुरा ओठांना लावला होता, आणि सगळ्यांनी तेवढ्यावर भागवून घेतलं होतं.

सकाळी बर्फ पडून गेला होता. नदी काठापासून पार मध्यापर्यंत गोठलेली. भाऊ नॉर्मां सर्वांत आधी आला, मुलं-नातवंडं घेऊन. सत्तर वर्षांचा नॉर्मां आजार लपवत नसे. त्याच्या चष्म्याला आतून बारीक तारेचे आधार बसवले होते, त्यांच्यावर पापण्या टेकवलेल्या. तो दारातच ओरडला, "गेतान, आज खिडक्या उघड्या ठेवल्यात बघ मी दोन्ही!"

"आधी बूट काढ. आणि ती बाटली इकडे दे."

"महाराणी आली का?"

"नॉर्मां, आज एक शब्द बोललास तर—"

"मी? मी काय बोलणार? मला तर घास गिळायलाच अर्धा दिवस लागतो."

गेतानची लेक जोज्यान आदल्या दिवशीच माँत्रियालहून आली होती. एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. ती तिथल्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि काम होतं नेमकं याच आजारावर. घरचाच रोग घेऊन ती शिकायला गेली, असं नॉर्मां म्हणायचा. तिला स्वतःला तो आहे की नाही, हे तिने तपासून घेतलं नव्हतं. आईने कधी विचारलं नव्हतं.

फ्लरेत टॅक्सीतून उतरली. गेतानने काचेतून पाहिलं. किती वाळली होती! कोट अंगावर नुसता टांगल्यासारखा. पण डोळे तसेच उघडे, हनुवटी तशीच वर, रुमाल तसाच गळ्याशी.

दोघी दारात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"म्हातारी झालीस, गेतू."

"आणि तू काय वयात आलीस?"

फ्लरेत हसली. मग दोन्ही गालांना गाल टेकले, आणि गेतानला तिच्या गालाचं हाड लागलं.

आशीर्वादाच्या वेळी बैठकीतली सगळी माणसं गुडघ्यांवर आली. नॉर्मां कण्हत, शिव्या घालत खाली गेला. फ्लरेतने हात वर केला. आवाज इतका बारीक, की मागच्या मुलांना ऐकूही गेला नसेल. "देव तुम्हाला या वर्षी सांभाळो. एकत्र ठेवो." एवढंच. वडील यायच्या वर्षाचा, शेताचा, गाईगुरांचा लांबलचक आशीर्वाद देत. गेतानला वाटलं, एवढा तोकडा का? मग तिने मनाला गप्प केलं.

टेबलावर सगळं मांडलं होतं. खिमा भरून भाजलेली तुर्तिएर, डुकराच्या पायांचा तपकिरी रस्सा, बिटाचं लोणचं, सायीच्या साखरेच्या वड्या. गेतानने तुर्तिएरचा पहिला, सोनेरी कडेचा तुकडा फ्लरेतच्या ताटात ठेवला. खोली शांत झाली. अठरा माणसं आणि अठरा काटे थांबलेले.

फ्लरेतने काटा उचलला. ठेवला.

"तुम्ही सुरू करा ना," ती म्हणाली. "प्रवासाने मला तेवढी भूक नाही."

कुणी हललं नाही. नॉर्मांची सून बशीकडे बघू लागली. गेतानची कानशिलं तापली. तेच. अकरा वर्षांनी पुन्हा तेच.

"एक घास, फ्लरेत," ती म्हणाली. आवाज ताब्यात ठेवायचा तिने प्रयत्न केला. "पोरं थांबलीत. मी काल सकाळपासून उभी आहे. एक घास."

"गेतू..."

"एक. नाहीतर सांग सरळ, की अजून माफ केलं नाहीस."

फ्लरेतने तिच्याकडे पाहिलं. मग तिने तुकडा कापला, लहान नाही, चांगला मोठा, सगळ्यांना दिसेल असा, आणि तोंडात घातला. चावू लागली. टेबलावर सुटकेचा आवाज झाला, काटे वाजले, कुणीतरी लोणचं मागितलं. गेतानने डोळे पुसले आणि बहिणीकडे बघून हसली.

आणि तिला दिसलं, फ्लरेतची दोन बोटं रुमालाखाली, गळ्याच्या खळगीवर गेली. डोळे मिटले. ती थांबली.

गेतानची खुर्ची मागे पडली. कुणाला काही कळायच्या आत तिने बहिणीच्या दंडाला धरलं. "चल गं जरा आत, रश्श्याला मीठ बघ," असं मोठ्याने म्हणत तिला उठवलं, आत नेलं, दार लोटलं. मग तिला मोरीवर वाकवलं, डोकं खाली, आणि तळहाताने पाठीत दणके घातले. एक, आणखी एक. फ्लरेतचे ओठ निळे झाले होते. चौथ्या-पाचव्या दणक्याला घास बाहेर पडला. श्वास आला तो करवत ओढल्यासारखा.

बराच वेळ दोघी तशाच होत्या. एक वाकलेली, दुसरी तिच्या पाठीवर कपाळ टेकून.

मग फ्लरेतने रुमाल सोडला. गळ्याच्या डाव्या बाजूला लांब, पांढरा व्रण होता.

"इथे कापून स्नायू सैल करतात," ती म्हणाली. "काही वर्षं बरं गेलं. आता पुन्हा बंद झालाय."

"आणि डोळे?"

"ते फ्लॉरिडाला गेले होते ना मी, एक अख्खा हिवाळा. आठवतं? फ्लॉरिडा कसलं. टोरोंटो. पापण्या वर टांगून आले." ती खोकत हसली. "सगळ्यांना वाटलं, तिथलं ऊन मानवलं."

आईचं एकेक गिळणं जिने मोजलं होतं, त्या गेतानला सख्ख्या बहिणीचं दिसलं नाही. डोळे उघडे होते ना, म्हणून.

"अगं, आम्हाला तरी सांगायचंस! या घरात लाज कुणाची?"

"तुमची नाही. नवऱ्याच्या आईची. लग्नाआधी तिने मला बसवून विचारलं होतं, झोपाळू डोळ्यांच्यातली नाहीस ना? मी म्हटलं, नाही. चोवीस वर्षांची होते, मला काय ठाऊक? पण एकदा नाही म्हटलं की नाहीच म्हणत राहावं लागतं. नवऱ्यालासुद्धा शेवटीच सांगितलं. म्हणून मूलही..." ती थांबली. "गाव म्हणत होतं ना, बाळंतपणाने बांधा बिघडेल म्हणून. म्हणू दे."

तेवढ्यात जोज्यान दार ढकलून आत आली. तिने मोरीकडे पाहिलं, रुमालाकडे, व्रणाकडे. तिला सांगावं लागलं नाही.

"मावशी, पोटात नळी घालतात आता, साधी गोष्ट आहे..."

"नळी नको. मी गेतूच्या हातचं खायला आले आहे. आईला द्यायची तसं. इथेच राहते, चालेल?" हे शेवटचं गेतानला होतं.

"चालेल का म्हणे," गेतान म्हणाली आणि सुपाचं भांडं चुलीवर ठेवून जाड चाळणी शोधायला लागली. खालच्या कप्प्यात, अगदी हाताशी होती ती. जोज्यान चाळणीकडे बघत राहिली. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, आणि चाळणी ओली होती.

"आई," ती म्हणाली, "ही कुणासाठी काढली होतीस?"

गेतान मागे वळली नाही. "वाटाण्याची सालं पोरांना आवडत नाहीत."

"आई."

"बघतेस काय? तुला तर सगळं माहीत आहे. शिकली आहेस."

फ्लरेत उंच पाठीच्या खुर्चीवर बसली होती. "गेतू, तुलाही?"

गेतानने चाळणी रिकाम्या भांड्यावर बसवली. बाहेर नॉर्मां गाणं म्हणायला लागला होता आणि पोरं टेबलावर ताल धरत होती.

"मग समजावून तरी सांग आम्हाला," फ्लरेत भाचीला म्हणाली. "डॉक्टर सांगतात ते सगळं डोक्यावरून जातं. काय बिघडलंय आमच्यात?"

जोज्यानने भिंतीवर खिळ्याला अडकवलेली आजीची जपमाळ काढली. लहानपणी त्या तिघीही तिच्या ओळखीच्या होत्या, माळ, भिंत आणि आजी. रोज सात वाजता रेडिओवर जप चालायचा आणि सगळं घर खुर्च्यांच्या पाठी धरून गुडघ्यांवर असायचं.

"हे बघ. पेशी आपल्या जनुकांवरून निरोप लिहून घेते. त्या निरोपाला आरएनए म्हणतात. निरोपाला मागे एक शेपूट असतं, आणि ते शेपूट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. शिवताना दोऱ्याला शेवटी गाठ मारतो ना, टाके उसवू नयेत म्हणून? तसं. प्रथिन म्हणजे माळच असते, आणि या प्रथिनाच्या एका टोकाला एकसारखे दहा मणी असतात. या माळेच्या एका पदरात आहेत, तितकेच दहा."

"आणि आमच्यात?"

"तेरा."

फ्लरेतने माळ हातात घेतली आणि पदरातले मणी बोटांखालून सरकवले. "तीनच जास्त?"

"तीनच. तेवढ्याने ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात, स्नायूंच्या पेशींत गोळे होऊन बसतात. पण ती सगळ्या शरीरात असतात, मावशी. आधी पापण्या आणि घसाच का धरतात, ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही."

"एवढी वर्षं घालवलीस आणि कळलं नाही?" गेतान चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"नाही कळलं, आई."

"आईला वाटायचं, कुणीतरी पूर्वी जपात खोटं बोललं असेल, म्हणून घसा धरतो. मग दहाच्या पुढे तीन जप जास्त करायची बिचारी, रोज." तिने सूप चाळणीत ओतलं. "तेरा म्हणजे बरोबरच झालं म्हणायचं."

ते ऐकून फ्लरेत हसली, आणि हसता हसता रडू लागली.

त्या दुपारी बाहेरच्यांचं जेवण झालं, पत्ते झाले, पोरं बर्फात गेली आणि परत आली. आत दोघी बहिणी एकाच भांड्यातलं सूप खात होत्या. एकीने चमचा घ्यायचा, दुसरीने थांबायचं. भांडं तीनदा गरम केलं. मधे बोलायचं नाही, हा आईचा नियम दोघींनी पाळला.

फ्लरेत त्या हिवाळ्यात तिथेच राहिली. गेतान तिला भरवायची, आणि तिच्या निमित्ताने स्वतःही खायची. नॉर्मां दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "तीन बहीण-भाऊ, तीन वाट्या. पाहुण्यांना काय वाढता, चमचे?" फेब्रुवारीत फ्लरेतला ताप भरला. पाणी छातीत गेलं होतं. एकदा बरी झाली, दुसऱ्यांदा झाली नाही. नळी नको, हे तिने पुन्हा सांगितलं. मार्चमध्ये मेपलच्या झाडांना गोड रसासाठी भोकं पडून बादल्या लागल्या तेव्हा नॉर्मांच्या मुलाने नवा पाक आणला. गेतानने पेलाभर बर्फ आत आणून त्यावर पाकाची धार धरली, घट्ट झाल्यावर चिमूटभर बहिणीच्या जिभेवर ठेवला. तो गिळावा लागत नाही. आपोआप विरघळतो.

"गोड आहे," फ्लरेत म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "तुझी तुर्तिएर चांगली होती, गेतू. घास पुरता गेला नाही, पण चव आली होती."

त्या आठवड्यातच ती गेली.

तिला आईशेजारी ठेवून सगळे घरी आले. जोज्यान आणि नॉर्मांच्या सुनेने स्वयंपाक केला होता, गेतानला हात लावू दिला नव्हता. टेबल भरलं. अकरा वर्षांपूर्वी फ्लरेत जिथे बसली होती ती खुर्ची रिकामी होती. गेतानने सवयीने सगळ्यांना वाढलं, पाव फिरवला, रस्सा फिरवला आणि रिकामी वाटी घेऊन आतल्या दाराकडे निघाली.

दाराशी ती थांबली. आतली उंच पाठीची खुर्ची दिसत होती, तिच्यावर फ्लरेतची शाल.

ती मागे वळली. रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. कपाळावरचे केस मागे सारले, टाचणी लावली. मग समोरचं सगळं नीट दिसावं म्हणून हनुवटी वर केली.

"मला वेळ लागेल," ती सगळ्यांना म्हणाली. "तुम्ही जेवा. मी इथेच आहे."

सगळे जेवले. बशा उचलल्या गेल्या, पोरं उठून गेली. नॉर्मां चष्मा सावरत तिच्यासमोर बसून राहिला, एक शब्द न बोलता. त्याच्यासाठी ते फारच होतं. गेतान गाळलेलं सूप चमचा-चमचा घेत होती, एकदा गिळून पुन्हा नुसतंच गिळत होती. काचेबाहेर नदीवरचा बर्फ तुटायला लागला होता, त्याचा आवाज अधूनमधून घरापर्यंत येत होता.

जोज्यान टेबलाच्या टोकाला उभी होती, हातात ओला टॉवेल. आईचा प्रत्येक घास उतरेपर्यंत तिचाही श्वास थांबत होता. एक घास मधेच अडला. गेतानने डोळे मिटले. जोज्यानचा हात, तिला न कळत, स्वतःच्या गळ्यापाशी गेला. दोन बोटं, खळगीवर.

घास उतरला. गेतानने डोळे उघडले, लेकीकडे पाहिलं, त्या दोन बोटांकडे पाहिलं.

"बस," ती हळूच म्हणाली आणि शेजारची खुर्ची पायाने ओढली. "उभ्याने नको. इथे बस माझ्याजवळ."